लोमातूचं कार्ड

ओरेस्ट हावरिल्युकला उन्हाळा दिसेल असं डॉक्टर म्हणत नव्हते, आणि उन्हाळ्याची त्यालाही फारशी पर्वा नव्हती. त्याला हवं होतं कार्ड. सस्कॅचेवानच्या त्या सपाट गावात बसून त्याने रेडिओवर अख्खं जग ऐकलं होतं. लांबचं एखादं केंद्र लागलं, की काय ऐकलं ते लिहून पाठवायचं आणि 'होय, ते आम्हीच' असं छापील कार्ड तिकडून येण्याची वाट बघायची, हा त्याचा जन्माचा छंद. घराच्या भिंती कार्डांनी भरल्या होत्या. आता खाटेवर पडल्या पडल्या त्याने पॅसिफिकमधल्या लोमातू नावाच्या टीचभर बेटाचं केंद्र पकडलं होतं. पत्र कधीच गेलं होतं. कार्डाचा पत्ता नव्हता.

"पोस्टमन आला?" तो रोज विचारी.

"आला नि गेला. दफनभूमीवाल्यांची जाहिरात आहे. देऊ?" बायको स्टेफा म्हणे.

"त्यांना म्हणावं, दम धरा. येतोच आहे."

शेवटी स्टेफाला राहवेना. तिची बहीण ओल्हा व्हँकुव्हरला असे, चित्रं बरी काढी. स्टेफाने तिला फोन केला. "एक बेट काढ, त्यावर कासव काढ, खाली कुणाचीही सही ठोक आणि पाठवून दे. त्याचे डोळे मिटायच्या आत पोचलं पाहिजे."

हे तिने कुणाला सांगितलं नाही. तिथेच घात झाला. कारण ओरेस्टचा रेडिओच्या छंदातला जोडीदार लायल गंडरसन गावात लग्नपत्रिका छापायचा, आणि त्यालाही तेच सुचलं होतं. त्यानेही कुणाला सांगितलं नाही.

मंगळवारी लायल धापा टाकत आत आला. "ओरेस्ट! पोस्टमन फाटकात भेटला. बघ काय दिलंय!"

कार्डावर नारळाची झाडं होती. ओरेस्टने ते छातीवर ठेवलं. स्वयंपाकघरात स्टेफाच्या हातातली करंजीसारखी पिरोगी पिठात पडली. खरं कार्ड आलं! आणि मागून कासव येतंय!

तिने बहिणीला फोन लावला. "थांबव ते!"

"अगं, कालच टाकलं पोस्टात."

मग स्टेफा रोज फाटकात उभी राहू लागली. नाक गोठून पडेल अशी थंडी. नवरा मरायला टेकलाय आणि ही पोस्टमनची वाट बघत उभी, अशी कुजबुज गावात सुरू झाली. पोस्टमन क्लेम्सच्या बायकोने तर त्याच्या डब्यातलं लोणचं बंद केलं. शुक्रवारी क्लेम्सची गाडी दिसताच स्टेफा धावली, बर्फावरून घसरली आणि मनगटावर पडली. क्लेम्सने तिला उचलून घरात आणलं. आता आलोच आहोत तर, म्हणून त्याने पाकीट थेट ओरेस्टच्या हातात दिलं.

लायल खाटेशेजारीच बसला होता. कासव बघून त्याचा चेहरा पांढराफटक पडला. हे खरं, म्हणजे आपली चोरी उघडी पडणार!

ओरेस्टने दोन्ही कार्डं पांघरुणावर शेजारी शेजारी मांडली.

"लोमातूवाले फार सज्जन दिसतात," तो म्हणाला. "एका पत्राला दोन कार्डं." मग त्याला खोकल्याची उबळ आली आणि तो विषय तिथेच राहिला.

क्लेम्स स्टेफाला हात बांधून घ्यायला घेऊन गेला, तेव्हा ओरेस्टने लायलला जवळ बोलावलं. "कासव बनावट आहे रे. स्टेफाचा उद्योग. तिची बहीण कासवालाही पापण्या काढते. तुझं नारळाचंच खरं. पण तिला बोलू नकोस. वाईट वाटेल बिचारीला."

लायलने शपथ घेतली.

दुसऱ्या दिवशी ओरेस्टने स्टेफाचा बांधलेला हात हातात घेतला. "नारळाचं कार्ड लायलने छापलंय गं. लग्नपत्रिकेचीच अक्षरं. कासवाचं खरं. त्याला बोलू नकोस हं."

बर्फ वितळायच्या आत ओरेस्ट गेला.

चर्चमध्ये शवपेटी उघडी होती. लायल स्टेफाजवळ आला. "त्याच्या खिशात कासव ठेवू या."

"नको रे. नारळ ठेव. खरं ते."

"कासव, स्टेफा. ऐक माझं."

"पण कासवाचाच एवढा हट्ट का..." स्टेफा थांबली. "लायल, तुला काय म्हणाला होता तो?"

"शपथ घातली होती त्याने. तुला सांगायचं नाही अशी."

"आता कोण विचारणार आहे? सांग."

लायलने सांगितलं. मग तिने सांगितलं. दोघंही पेटीत बघत राहिले. ओरेस्टचा चेहरा शांत होता.

"लबाडा!" स्टेफाने दुखऱ्या हातानेच पेटीच्या काठावर थाप मारली. पाद्र्याला वाटलं, दुःखाचा कडेलोट झाला. त्याने धावत येऊन तिला धरलं. ती हसत होती आणि हसणं आवरत नव्हतं. तिचे खांदे हलताना बघून मागच्या रांगेतल्या बाया हमसून रडू लागल्या, आणि ते ऐकून तीही रडायला लागली.

दोन्ही कार्डं खिशात घालून झाकण लावलं.

दफनभूमीतून परतताना लायल म्हणाला, "पण स्टेफा, लोमातूहून खरोखरचं कार्ड आलं तर?"

स्टेफाने निसरड्या वाटेवर त्याचा दंड घट्ट धरला.

"तर ते खोटं," ती म्हणाली.