बारशाचे दिवशी अदृश्य जासूद मोकळे जाहले, त्याची हकीकत

श्रीगजवदन, आणि घरची कुलस्वामिनी, आणि देव्हाऱ्यातली तेवती समई, या तिघांस आधी नमन करावे आणि मग लेखणीस हात लावावा, ऐसा नेम. तो पाळोन लिहिले जाते. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, थंडी नुकती अंगास लागू जाहली होती, ते समयी एक राज्य होते. राज्यास नाव होते, परंतु त्याचे येथे प्रयोजन नाही. राजधानीचा गड चौथे मजल्यावर, तीन दालनांचा, खिडक्यांस लोखंडी जाळ्यांची तटबंदी, गॅलरीत तुळशीचा बुरूज, आणि चढावयास पालखी म्हणोन लिफ्ट, ती कधी मर्जीने चाले आणि कधी रुसोन बसे. तेथे महाराज मोरेश्वरराव राज्य करीत, आणि त्यांच्या मातोश्री द्वारकाबाई मासाहेब गादीशेजारी आरामखुर्चीत विराजमान असत, आणि राजकन्या शर्वरी कॉलेजात विद्या करीत असे, आणि या तिघांचे चहापाण्यापासोन देवधर्मापर्यंत सर्व वाहणाऱ्या त्या राणीसाहेब कुमुदिनीबाई. बाईंचा स्वभाव मऊ, आवाज त्याहून मऊ. पहाटे तुळशीस प्रदक्षिणा, दुपारी जप, तिन्हीसांजेस दिवा लावोन स्तोत्र, गुरुवारी महालक्ष्मीचे व्रत आणि उपास, ऐसे नेम चालत आले आणि त्यात खंड नाही. त्यांस वाटे की नेम म्हणजे एक वाटच असते, आपण रोज तीवर पाऊल टाकितो म्हणोन ती उजळ राहते.

आता प्रसंग कोणता, तर बाईंचे धाकटे बंधू सारंग सात समुद्रांपलीकडे, बर्फाचे मुलखी राहात, त्यांस बहुत वर्षे वाट पाहोन कन्यारत्न जाहले. बारशाचा दिवस ठरला. कानात नाव सांगावयाचे ते आत्याने, हा आपला पूर्वापार रिवाज, आणि आत्या तर इकडे, गडावर. मग ठरले की तिकडे फोन बाळाचे कानास लावावा आणि इकडोन बाईंनी नाव सांगावे. नाव दोघां भावंडांच्या कैलासवासी मातोश्रींचे. ते सारंगरावांनी लिहोन कळविले, आणि बाईंनी नेम धरिला की पहिला उच्चार बाळाचे कानात, तोवर ते नाव ओठांवर आणणे नाही. आई गेल्यापासोन ते नाव कोणी मोठ्याने घेतले नव्हते. ते जावयाचे तर सगळे जावे, मध्ये तुटो नये, एवढीच बाईंच्या जिवास आस. ऐशास रंगीत तालीम म्हणोन एके संध्याकाळी सारंगरावांचा फोन आला, आणि बंधूंचा चेहरा उमटला, आणि "ताई, बघ ना ही कशी," एवढे बोलणे आले आणि पुढे चेहरा तसाच थिजला, तोंड उघडे, डोळे अर्धे मिटलेले. आवाज तुकड्यातुकड्यांनी पडे, जैसे नळाचे पाणी जातेवेळी थेंब थेंब पडते. मासाहेब चष्मा वर करून बघत्या जाहल्या आणि बोलिल्या, "अगं कुमुद, त्याचा जबडा तसाच राहिलाय. कुणीतरी मिटवा." राजकन्या आतले दालनातून बोलिली, "आज्जी, नेट गेलंय, जबडा नाही."  बाईंनी फोन खाली ठेविला आणि उगीच पदराचे टोक बोटास गुंडाळीत राहिल्या. आईचे नाव ऐसेच मध्यात थिजले तर बाळ जन्मभर अर्धे नाव घेऊन हिंडेल की काय, ऐसे त्यांचे मनी आले.

या गडावर निरोप कैसे चालत, ते सांगणे अवश्य. मागले सालचे दसऱ्यास गडावर राउटर म्हणोन एक काळी पेटी आली, दोन शिंगांची, अंगावर हिरवे दिवे लुकलुकणारी. तीमधोन वायफाय नामे अदृश्य जासूद निघत आणि भिंतींमधोन, दारांमधोन धावत जाऊन ज्याचे त्यास हवे ते आणून देत. तो दिवस शस्त्रपूजेचा. शिलाई मशीन, पक्कड, विळी, महाराजांचा लॅपटॉप, सर्व देव्हाऱ्यापुढे मांडिले होते, आणि पेटीची तार आली होती तीही देव्हाऱ्याचेच खिडकीतोन. मग मासाहेबांनी पेटीस हळदकुंकू लाविले, अक्षता वाहिल्या, आणि थोरल्या पितळी प्रभावळीमागे तिची स्थापना केली, आणि थंडी लागो नये म्हणोन लोकरीचे विणलेले झाकण घातले. शस्त्रे दुसरे दिवशी उचलली, पेटी तेथेच राहिली. पुढे संक्रांत आली. सुवासिनी वाण लुटावयास कोणी डबे आणीत, कोणी गाळण्या. बाईंचे मनी आले की ज्याने सर्वांस सुख होईल ते द्यावे, म्हणोन तिळगुळाचे पुड्यांवर पेटीचा परवलीचा शब्द लिहोन तेच वाण लुटिले. इमारतीतल्या सुवासिनी तृप्त जाहल्या, त्यांचे यजमान तृप्त जाहले, पोरेबाळे तर विशेष. तेव्हांपासोन जासुदांस क्षणाची विश्रांती राहिली नाही.

महाराजांस राणीसाहेबांची कष्टी मुद्रा बघवेना. ते बोलिले, "हात्तिच्या, एवढंच ना? शिपाई वाढवू." आणि कंपनीस फोन करून दुप्पट वेगाची योजना घेतली, आणि मिशीवर हात फिरवोन बसले. दुसरे दिवशी सारंगरावांचा चेहरा पूर्वीइतकाच थिजला. मासाहेब बोलिल्या, "दुप्पट पैसे दिलेस, आता दुप्पट वेळ थिजतोय." महाराज वर्तमानपत्रात तोंड घालोन राहिले.

मग गुरुवारचे आदले दिवशी बाईंनी नेमाप्रमाणे देवांची भांडी घासावयास काढिली. प्रभावळ, घंगाळ, घंटा, तबके, समया, सर्व पितळ आणि तांबे उचलोन मोरीत नेले आणि चिंच लावोन घाशीत बसल्या. हातास चिंचेचा आंबट वास, पितळेतोन हळूहळू पिवळे ऊन निघावे तैसा उजाळा येत होता. इतक्यात सारंगरावांचा फोन वाजला, बाईंनी कोपराने उचलिला, आणि काय नवल, बंधू ऐसे दिसले जैसे ओट्यापलीकडेच उभे आहेत. बाळाचे टोपडे दिसले, टोपड्याचे नाडीचे टोक दिसले, आणि त्या टोकास लागलेली दुधाची साय दिसली. "ताई, आज काय केलंस? एकदम समोर आहेस," ऐसे सारंगराव बोलिले. बाई बोलिल्या, "काही नाही रे, चिंच लावतेय." इकडे मासाहेबांनी दिवेलागण जवळ आली म्हणोन धुतलेली प्रभावळ उचलोन देव्हाऱ्यात नेऊन उभी केली, आणि तत्क्षणी सारंगराव थिजले. बाईंनी ओले हात पदरास पुसले, हळूच जाऊन प्रभावळ बाजूस केली, सारंगराव हालते जाहले. परत ठेविली, थिजले. बाई देव्हाऱ्यापुढे तशाच बसोन राहिल्या. जपाची माळ हातात, समईची ज्योत पितळेत थरथरत होती, आणि डोळा लागतो न लागतो तों त्यांनी पाहिले की प्रभावळीमागे लहान लहान जासूद दाटीवाटीने बसले आहेत, पांढरे अंगरखे, पायांत वहाणा नाहीत, कोणाचे हाती कोणाचे हसू, कोणाचे हाती कोणाचा प्रश्न, आणि पितळेची भिंत कपाळास लागोन लागोन दमलेले, आणि वर लोकरीचे आभाळ. त्यातला एक दोन्ही ओंजळींत काही झाकोन बसला होता आणि बाईंकडे बघत होता. बाईंनी ओळखिले की ओंजळीत आईचे नाव आहे. मग डोळे उघडले. समई तेवत होती.

त्या रात्रीचे जेवणास दरबार भरला. बाई बोलिल्या, "पेटी देव्हाऱ्यातून हलवायला हवी. देवांचं पितळ तिच्या वाटेत येतंय." राजकन्या घास हातात धरोन बोलिली, "आई, खरंच की. धातू अडवतो. आणि ती कोपऱ्यात, त्यात आज्जीचं स्वेटर. ती घराच्या मधोमध आणि उंचावर पाहिजे. एवढे दिवस माझ्या डोक्यात कसं आलं नाही." महाराज बोलिले, "फोनातल्या खेळातून डोकं वर काढलं असतंस तर आलं असतं." परंतु मासाहेबांनी वाटी खाली ठेविली आणि बोलिल्या, "अक्षता वाहून बसवलंय ते. बसवलेलं असं उचलून नेतात होय? पसारा आहे का तो?"  बाईंनी मासाहेबांचे पानात भात वाढिला, वर तूप घातले, आणि हळूच बोलिल्या, "सासूबाई, गणपतीसुद्धा आपण बसवतोच की. आणि उठवतोही. उत्तरपूजा करून." मासाहेब बराच वेळ भात कालवीत राहिल्या. मग बोलिल्या, "दहीभाताचा नैवेद्य लागेल."

मग गुरुवारी महालक्ष्मीची पूजा आटोपली आणि पेटीची उत्तरपूजा जाहली. मासाहेबांनी गंध लाविले, दहीभात दाखविला, अक्षता वाहिल्या आणि रिवाजाप्रमाणे पेटी उत्तरेकडे किंचित हलविली. मग लोकरीचे झाकण स्वहस्ते काढिले, घडी घातली आणि बोलिल्या, "थंडी वाजली तर मला सांगायचं नाही." महाराजांनी लांब तार आणविली आणि तिन्ही दालनांचे मध्ये, बोळातले उंच फळीवर, आरशापासोन आणि गरम करावयाचे ओव्हनपासोन दूर, पेटी नेऊन ठेविली. मासाहेबांचा कीर्तने दाखविणारा टीव्ही तारेनेच पेटीस जोडिला, म्हणजे कीर्तनास जासुदांची गरज उरली नाही. महाराजांचे फोनातली छायाचित्रे आपोआप आभाळी चढत, ती चढण थांबविली.

परंतु वाणाचा गुंता तैसाच. राजकन्या बोलिली, "परवलीचा शब्द बदलते. आख्खी बिल्डिंग एका झटक्यात बाहेर." बाई बोलिल्या, "नको गं. हळदीकुंकू लावून दिलंय. दिलेलं वाण परत घेतात का?" "मग बारशाला नाव तुटलं तर?" या प्रश्नावर बाई गॅलरीत जाऊन तुळशीपाशी उभ्या राहिल्या, आणि एका बाजूस आईचे नाव आणि एका बाजूस दिलेले वाण, यांत मन झोके घेत राहिले. काही वेळाने राजकन्या मागोन आली आणि बोलिली, "आई, ऐक. पाहुण्यांची वेगळी पंगत मांडता येते. त्यांचा जुना शब्द त्यांच्याच पंगतीला ठेवते, त्यांना कळणारसुद्धा नाही. फक्त वाढ मापात. आपल्याला नवा शब्द, वेगळी पंगत." बाई बोलिल्या, "उपाशी नाही ना कुणी राहणार?" "नाही गं. फक्त बासुंदी दुसऱ्यांदा मिळणार नाही." तेव्हां बाई हसल्या, आणि तैसेच केले. तरी बाईंचे मनास ते चोरटे वाटले, म्हणोन त्या समोरचे दरवाजाच्या हेमलताबाईंकडे गेल्या, ज्यांचे दोघे चिरंजीव अहोरात्र सिनेमे उतरवीत, आणि सर्व खरे सांगोन बोलिल्या, "बारशाला या. सगळ्याच या. तेवढा वेळ सगळी यंत्रं मौन पाळतील का, बघा." हेमलताबाई कमरेस हात लावोन बोलिल्या, "अहो कुमुदताई, आधी नाही का सांगायचं? पोरांचं काय, मेली चार घटका भिंतीकडे बघतील."

बारशाचे दिवशी तिकडे सकाळ आणि इकडे दिवेलागण. सुवासिनी आल्या, हळदकुंकू जाहले, घुगऱ्या वाटल्या. दारी मासाहेब पितळी परात घेऊन बसल्या आणि येईल तिचा फोन परातीत ठेवून घेत्या जाहल्या, वर ताट झाकिले, आणि बोलिल्या, "पितळेतून काही जात नाही, आमच्याकडे करून पाहिलंय." महाराजांचा क्रिकेटचा सामना अगदी रंगात होता. ते परातीपाशी घुटमळले, बोलिले, "शेवटची चार षटकं आहेत," आणि राणीसाहेबांकडे बघितले, आणि फोन ताटाखाली सरकविला. गड ऐसा शांत जाहला की पेटीचे हिरवे दिवे लुकलुकलेलेही ऐकू येतील. मग सारंगराव दिसले, शेजारी त्यांचे कुटुंब, पाळणा फुलांनी मढविलेला, पाळण्यामागे मोठी खिडकी. सुवासिनींनी पाळणा म्हटला, स्वर इकडोन तिकडे गेले आणि त्यातला एकही गळला नाही. सारंगरावांनी फोन बाळाचे कानास लाविला, दुसऱ्या फोनाने तेच दाखवीत त्यांचे कुटुंब उभे. बाईंनी डोळे मिटिले, ओठ फोनापाशी नेले, कुर्र केले, आणि इतके वर्षांत प्रथम आईचे नाव उच्चारिले. अरुंधती. चारही अक्षरे, एकामागोन एक, जैसी सोडिली तैसी.

डोळे उघडले तों समोर सर्व स्थिर. बाळ हालेना, सारंगराव हालेनात, भावजयीचे हातचा फोनही हालेना. हेमलताबाई कुजबुजल्या, "अडकलं वाटतं."  बाईंचा हात फोनावर तैसाच राहिला, पुन्हा उच्चारावे की न उच्चारावे कळेना. तेव्हां त्यांची दृष्टी पाळण्यामागील खिडकीकडे गेली. खिडकीत बर्फ पडत होते. एक एक कण, सावकाश, कोठे घाई नाही, खाली खाली येत होता. बाई बघत राहिल्या. चित्र थिजले नव्हते. बाळ ऐकत होते. आणि सारंगराव ते नाव ऐकोन जागीच उभे होते, जैसे लहानपणी शाळेतोन येऊन आईपुढे उभे राहात. मग बाळाने जांभई दिली, आणि सारंगराव बोलिले, "ताई, आलं. पूर्ण आलं."

येणेप्रमाणे मार्गशीर्षात नाव पोचले. पेटी फळीवर राहिली, देव देव्हाऱ्यात राहिले, शेजारी आपले पंगतीस तृप्त राहिले. लोकरीचे झाकण मासाहेबांनी उसवोन त्याचे टोपडे विणिले आणि ते टपालाने बर्फाचे मुलखी रवाना केले, कारण ते जासुदांस नेता येत नाही. लेखनसीमा.