पाचशे शेहेचाळीस वर्षांचे सासरे

सरकारी रुग्णालयाची नवी संगणक प्रणाली परदेशातून आली. तिच्यात आकड्याच्या प्रत्येक रकान्यापुढे डॉलरचं चिन्ह कायमचं बसलेलं होतं. प्रशासनाने ही बाब पहिल्याच दिवशी गांभीर्याने विचारात घेतली आणि सोडून दिली. तेव्हापासून रुग्णाचं वजन डॉलरमध्ये, ताप डॉलरमध्ये आणि खाटेचा क्रमांकही डॉलरमध्येच.

नोंदणीच्या खिडकीवर सूनबाई बसत. त्यांचे सासरे पूर्वी रोज डबा आणून देत आणि दारातूनच "सूनबाई!" अशी हाक मारत, म्हणून सगळं कार्यालय त्यांना त्याच नावाने ओळखे. चिन्ह काढता येईल का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा संगणकवाला दचकला.

"नाही हो ताई! हात लावला की हमी गेली."

"अरे, पण ताप डॉलरमध्ये?"

"उतरला म्हणजे झालं ना?"

इथवर सूनबाईंनी चालवून घेतलं. पण सासऱ्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. पत्त्यांच्या डावात त्यांना बदाम आणि चौकट एकच दिसू लागले, आणि समोरचे निवृत्त पोस्टमास्तर त्याचा मनमुराद फायदा घेऊ लागले. शस्त्रक्रिया शुक्रवारी ठरली. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरीणबाई बाहेरगावच्या, वर्षातून एकदाच यायच्या. शुक्रवार हुकला की आणखी वर्षभर अंधार.

गुरुवारी हिशेब विभाग जागा झाला. परकीय चलनातला कोणताही आकडा छापण्याआधी स्थानिक चलनात आणावा, असा नियम होता. त्या दिवशीचा दर सात. सासऱ्यांचं वय अठ्ठ्याहत्तर. गुणाकारात कसलीही चूक नव्हती. केसपेपरवर वय छापून आलं : पाचशे शेहेचाळीस.

नेत्रविभागाच्या साहेबांनी कागद दूर सारला. "शंभराच्या वरचं आमच्याकडे येत नाही. ते पुरातत्त्व खात्याचं."

"अहो साहेब, बाबा आहेत ते माझे! बाहेर बाकावर बसलेत. तुम्हीच बघा की."

साहेबांनी दारातून डोकावून पाहिलं. "चांगले राखलेत हो!"

दुपारी पुरातत्त्व अधिकारी मोजपट्टी घेऊन हजर झाले. त्यांनी बाकाभोवती एक फेरी मारली. "सगळं मूळचंच आहे, की नंतर काही भर घातलीय?"

"कवळी नवी आहे," सासरे प्रामाणिकपणे म्हणाले.

'अलीकडील हस्तक्षेप', अधिकाऱ्यांनी नोंद केली. मग ते सूनबाईंकडे वळले. "बाई, आजपासून हे संरक्षित. आता यांना कुणी हत्यार लावायचं नाही."

"म्हणजे उद्याचं रद्द?" सासऱ्यांचा आवाज एवढासा झाला. "सूनबाई, मग तो पोस्टमास्तर मला लुटणार गं!"

चढ्या आवाजात बोलणं सूनबाईंना कधी जमलंच नाही, त्या हळूच म्हणाल्या, "साहेब, एक विचारू? एखाद्या जुन्या वास्तूच्या खिडक्यांवर पापुद्रा धरला, आतून बाहेरचं दिसेना, तर?"

"ती दुरुस्ती. ती तर केलीच पाहिजे. नाही केली तर माझ्यावर ठपका."

"मग खिडक्या दोनच आहेत."

अधिकाऱ्यांनी सासऱ्यांच्या डोळ्यांत निरखून पाहिलं. "कंत्राटदार कोण?"

"उद्या येतायत. बाई आहेत. हात हलका आहे."

मंजुरी मिळाली. शुक्रवारी दोन्ही खिडक्या लख्ख झाल्या. पट्टी निघाली तेव्हा सासरे सूनबाईंकडे बघतच राहिले. "अगं, तुझे केस पांढरे झाले की! मला कुणी सांगितलं नाही."

संरक्षण मात्र उठलं नाही. खात्याने घराबाहेर फलक लावला आणि सासऱ्यांच्या खुर्चीभोवती दोरी बांधली. आजवर त्यांनी "कोण आहे रे?" म्हटलं की मान खाली घालून पुढे सटकणारे शेजारी रांग लावून आत येऊ लागले. थोरले चिरंजीव कित्येक वर्षांत फिरकले नव्हते. तेही बायकामुलांसकट आले आणि दोरीला टेकून फोटो काढत बसले.

"काय रे, आज कशी वाट सापडली?" सासऱ्यांनी विचारलं.

"बाबा, पाचशे शेहेचाळीस म्हणजे काय चेष्टा आहे?"

ही प्रणाली आता गावोगावी बसवणार आहेत म्हणे. तुमच्याकडे ती अजून पोचली नसेल आणि तुमचे वडील अजून सत्तर-पंचाहत्तरचेच असतील, तर त्यांना भेटायला जायची एवढ्यात काही घाई नाही. जरा थांबा. दर लागू द्या.