वत्सलाबाईंची जागा

सहा हजार चारशे अकरा रेणू नापास झाल्यावर आमच्या प्रयोगशाळेने औषध म्हणून वत्सलाबाई मगदूम यांची नेमणूक केली. नेमणुकीचं पत्र मीच टाइप केलं.

रोगी अर्चना चौगुले, वय सव्वीस, प्राथमिक शिक्षिका. तिच्या यकृतातलं एक एन्झाइम गरजेपेक्षा जास्त राबायचं आणि त्यापायी मूत्रपिंडात खडे धरायचे. एक मूत्रपिंड गेलं होतं, दुसरं जायच्या बेतात होतं. एन्झाइमला एकच बैठक असते. कच्चा माल तिच्यावर येऊन बसला की काम सुरू. दुसरं कुणी ती अडवून बसलं की बंद. आमचे रेणू बसायचे, पण कुणी जरा रेटलं की उठायचे. बोटचेपे लेकाचे.

वत्सलाबाईंची ख्याती मिरज स्टँडवर होती. खिडकीतून रुमाल टाकून त्यांनी धरलेली जागा तीस वर्षांत कुणाला मिळाली नव्हती. गोळीवाटे द्यायचं औषध लहान रेणूच असावं असा नियम, तेव्हा त्यांना लहान रेणू म्हणता येईल का, यावर समितीच्या दोन सभा झाल्या. उंची चार फूट आठ इंच भरली, तेव्हा हरकत मागे घेण्यात आली.

नाश्त्यानंतर भांडंभर पाण्याबरोबर त्या आत गेल्या. दुपारी डॉक्टर इनामदारांनी फोन लावला.

"बाई, कसं चाललंय?"

"बसलेय की. सारखी येत्यात, सरका म्हणत्यात. म्या सांगितलं, हितं माणूस यायचाय, खाली च्या प्यायला गेलाय."

"कुणी भांडलं का?"

"माझ्याशी?"

संध्याकाळचा लघवीचा रिपोर्ट बघून डॉक्टर खुर्चीत बसूनच राहिले. माझा तर ऊर भरून आला. तीस वर्षं नोकरी केली, पण असं औषध पाहिलं नव्हतं.

अडचण एकच होती. नियमाप्रमाणे बाई आठ तासांनी उठत, आणि सकाळपर्यंत एन्झाइम सगळी कसर भरून काढी. तिसऱ्या आठवड्यात खडे परत दिसले. मग कायम नेमणुकीचा कागद निघाला. डॉक्टरांनी तो मोठ्याने वाचला.

"एकदा बसलात की उठता येणार नाही, बाई. घरी जाऊन विचार करा."

वत्सलाबाईंनी पलंगाकडे पाहिलं. अर्चना उशीला टेकून मुलांच्या वह्या तपासत होती, मधेच कळ आली की पेन थांबत होतं.

"खिडकी हाय का तितं?" बाईंनी विचारलं.

"नाही."



"मग ऊन न्हाई लागायचं," त्या म्हणाल्या, आणि पाणी मागितलं.

याला दोन वर्षं झाली. अर्चना रोज एसटीने शाळेत जाते. गर्दीत उजव्या कुशीवर हात ठेवून उभी असते. कुणाचा धक्का लागलाच तर सांगते, "जरा जपून हं, आत बाई बसल्यात."

लोक सॉरी म्हणतात आणि बाजूला होतात.