बाबागाडीतला राजा

"बाबागाडी आहे म्हटल्यावर शहर काय आणि अंगण काय, सारखंच," असं नवऱ्याने निघायच्या आदल्या दिवशी जाहीर केलं. त्याच्या हातात चहाचा कप होता आणि पाय खुर्चीवर होते. जगातली बहुतेक मोठी विधानं याच अवस्थेत केली जातात.

त्याच्या बायकोला गल्लीत सगळे टाकेताई म्हणत. आडनाव वेगळंच होतं, पण ती शिवणकाम करायची आणि तिचा टाका उसवला असं कुणी आजवर ऐकलं नव्हतं. गावातल्या हौशी मंडळींच्या नाटकांचे कपडे शिवता शिवता तिचं नाव थेट मोठ्या शहरातल्या नाटकमंडळीपर्यंत पोहोचलं होतं. त्यांनी तिच्याकडून राजाचा झगा शिवून मागवला होता. लाल मखमल, सोनेरी काठ, आणि राजा मुळात खांद्याने बारीक असल्यामुळे खांद्यांत भरपूर कापूस. दुपारच्या तालमीआधी झगा आणून दाखवा, पसंत पडला तर पुढचे सगळे कपडे तुमच्याकडेच, असा दिग्दर्शकाचा निरोप होता. नाही पडला तर त्यांचा जुना शिंपी होताच, टपून बसलेला.

तिला एकटीला जायचं होतं. पण नवरा म्हणाला, आपण तिघंही जाऊ, भुंग्यालाही शहर दिसेल. भुंगा म्हणजे त्यांचं दोन वर्षांचं पोर. जागं असेपर्यंत ते सतत गुणगुणत असे आणि कुठेही बसवलं तरी दुसऱ्या क्षणी तिथून उडालेलं असे.

स्टेशनात उतरल्याबरोबर टाकेताईचा पारा चढायला सुरुवात झाली. लिफ्टवर 'दुरुस्ती चालू आहे' अशी पाटी होती. दुरुस्ती करणारा मात्र औषधालाही नव्हता. पाटीचाच रंग इतका उडालेला होता की आधी तिलाच दुरुस्त करायला हवं होतं. मग नवऱ्याने बाबागाडी उचलली, टाकेताईने एका हातात झगा आणि दुसऱ्या हातात भुंगा घेतला आणि सगळी वरात जिना चढली. वर आल्यावर भुंग्याने गाडीत बसायला साफ नकार दिला. त्याला वाकवायला गेलं की तो फळीसारखा ताठ व्हायचा आणि सोडला की चिखलासारखा ओघळायचा. शेवटी नवऱ्याने त्याला खांद्यावर घेतलं आणि मोठ्या समाधानाने म्हणाला की वरून त्याला जास्त दिसेल.

"मग ही गाडी कशाला आणली?" टाकेताईने विचारलं.

नवऱ्याने ऐकलं नाही. असे प्रश्न त्याला कधीच ऐकू येत नसत.

झग्याच्या वजनाने तिचे हात भरून आले होते. रिकामी गाडी ढकलत आपण ओझं का वाहावं, असा विचार करून तिने झगा घडी घालून गाडीत ठेवला, पट्टे लावले आणि धूळ बसू नये म्हणून वर भुंग्याची दुलई पांघरली. कापसाचा एक खांदा उशीवर असा काही टेकला की पाहणाऱ्याला गुबगुबीत डोकंच वाटावं. एक आजी वाकून म्हणाल्यासुद्धा, किती शहाणं बाळ आहे, अगदी चूप झोपलंय. टाकेताईने नुसते ओठ ताणले. एव्हाना खुलासे करायची तिची इच्छा संपली होती.

नाटकगृह एका उताराच्या रस्त्याच्या पायथ्याशी होतं. उताराच्या तोंडाशी आल्यावर भुंग्याला मागच्या एका दुकानाच्या काचेत मासे दिसले आणि त्याने बापाचे केस लगामासारखे ओढले. नवरा म्हणाला, "तू हो पुढे, आम्ही आलोच," आणि गेलासुद्धा. उशीर होत होता. नाटकगृहाचा दरवाजा कुठल्या अंगाला आहे ते नवऱ्यालाच ठाऊक होतं, आणि नवरा मासे बघत होता. टाकेताईने वर्तमानपत्रं विकणाऱ्याला विचारायचं ठरवलं. गाडी उभी केली आणि ब्रेकवर पाय मारला. त्या क्षणी तिच्या डोळ्यांसमोर ब्रेक नव्हता, नवरा होता. त्यामुळे लाथ जरा सणसणीत बसली. ब्रेक तुटून गटाराकडे उडाला आणि गाडी निघाली.

आधी सावकाश, जणू बाळाला फिरवायला निघाली आहे अशी. मग उताराने तिला वेग दिला. कुणीतरी किंचाळलं, "बाळ! बाळ चाललं!" पाहता पाहता अख्खा रस्ता गाडीमागे धावायला लागला. एका बसने करकचून ब्रेक दाबला. न्हाव्याच्या दुकानातून अर्ध्या दाढीचा एक गृहस्थ गळ्यात पांढरं फडकं घेऊन धावत आला. समोरून घरोघरी पार्सलं पोहोचवणारा एक सायकलवाला येत होता. त्याने सायकल फेकली, गाडीवर झेप घेतली आणि गाडीला मिठी मारून तो तिच्यासकट फूटपाथच्या कडेवर आदळला. गाडी थांबली. त्याचा गुडघा सोलवटून निघाला होता.

टाकेताई धापा टाकत पोहोचली आणि तिच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो असा, "फाटला नाही ना?"

अर्ध्या दाढीच्या गृहस्थाने दुलई ओढली. आत लाल मखमल निघाली.

आता खरं तर लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकायला हवा होता. पण जीव मुठीत धरून धावलेल्या माणसाला आपण कपड्यामागे धावलो हे सहन होत नाही. फसवलं गेल्यासारखे सगळे तिच्यावर उलटले. बाळ कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, बाळ यात नव्हतंच. मग कुठे ठेवलं? नवऱ्याकडे आहे. नवरा कुठे आहे? मासे बघतोय. हे उत्तर खरं असलं तरी त्या गर्दीत ते फार वाईट ऐकू आलं. एका बाईंनी तर, हल्ली आयांना पोरांपेक्षा कपडे प्यारे, असं मोठ्याने ऐकवलं.

तेवढ्यात चौकातली पोलीसबाई आली. टाकेताईने नवऱ्याला फोन लावला. फोन उचलला गेला, आतून गुणगुण ऐकू आली आणि फोन बंद झाला. तिने पुन्हा लावला, पुन्हा गुणगुण. पोलीसबाईच्या भुवया वर चढत चालल्या होत्या.

आणि मग नवरा आला. गर्दी दिसली म्हणून आला होता. काहीतरी गंमत चालली असावी असं समजून तो टाचा उंचावून खांद्यावरच्या पोराला ती दाखवत होता. टाकेताईने त्याला पाहिलं आणि बोट दाखवलं. तिचा चेहरा पाहून गर्दीने आपणहून वाट करून दिली.

पोलीसबाईने भुंग्याला खाली उतरवायला सांगितलं, त्याच्यासमोर उकिडवी बसली आणि प्रेमाने म्हणाली, "बाळा, ही तुझी आई ना?"

"नाही," भुंगा म्हणाला.

त्या वयात पोरांना सगळी भाषा येत नाही, पण नाही हा शब्द येतो आणि तो वापरायला कारण लागत नाही. हे घरात माहीत असतं, चौकात नसतं. गर्दी एक पाऊल जवळ सरकली. मग हे बाबा का, असं विचारलं तेव्हाही नाहीच आलं. नवरा हसायला गेला आणि मध्येच थांबला. पोलीसबाईने विचारलं, मग तुझं कोण आहे इथे? भुंग्याने चहूकडे पाहिलं आणि सायकलवाल्याच्या पडलेल्या सायकलीकडे बोट केलं. तिची घंटी चमकत होती.

तिथे मात्र टाकेताईचा बांध फुटला. सकाळपासून साठलेलं सगळं, ती लिफ्ट, तो जिना, ते मासे, ती अर्धी दाढी, एका दमात बाहेर आलं. "भुंग्या! इकडे ये. नाक पूस. आणि तोंडात काय घातलंस ते आधी थुंक!"

भुंगा निमूटपणे चालत गेला, तिच्या पदराला नाक पुसलं आणि तिच्या तळहातावर फोनच्या कव्हराचा तुकडा थुंकला. नवऱ्यानेही नकळत हात पाठीमागे बांधले. अर्ध्या दाढीचा गृहस्थसुद्धा सरळ उभा राहिला.

पोलीसबाई उठली आणि गुडघे झटकत म्हणाली, "आईच आहे. चला, रस्ता मोकळा करा."

सायकलवाला तेवढा बसून होता. टाकेताईला आता कुठे त्याचा गुडघा दिसला आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने पिशवीतून अस्तराचं कापड काढलं, फाडलं आणि जखमेवर नीट पट्टी बांधली. तो कुरकुरत म्हणाला की घरी विचारतील तेव्हा काय सांगू, झगा वाचवला म्हणून?

"राजाला वाचवलं म्हणून सांगा," ती म्हणाली. तो थोडा हसला, आणि लंगडत सायकल उचलून गेला.

नाटकगृहात पोहोचेपर्यंत तालमीची वेळ टळून गेली होती. दिग्दर्शकाचा आवाज दारातूनच ऐकू येत होता आणि तो काही स्वागताचा नव्हता. झग्याचा काठ एका बाजूने वीतभर उसवला होता. दिग्दर्शकाने मखमल उलटीपालटी करून पाहिली, शिवण ओढून पाहिली, आणि जरा खालच्या पट्टीत विचारलं की काठ कधी नीट होईल. आत्ता, इथेच, असं म्हणत टाकेताईने रंगमंचाच्या कडेला बसकण मारली आणि सुई काढली.

ती काठ शिवत होती तोवर भुंगा झग्याच्या दुसऱ्या टोकावर चढला, कापसाच्या खांद्यावर त्याने डोकं टेकलं आणि गुणगुण थांबली. तो झोपला होता. काठ शिवून झाला तरी झगा काढून घ्यायची कुणाची छाती झाली नाही. ते पोर दिवसभर कसं वागलं असेल हे तिच्या चेहऱ्यावरून सगळ्यांनी ओळखलं असावं. दिग्दर्शकाने ओठांवर बोट ठेवलं. राजाने झग्याऐवजी टाकेताईच्या नवऱ्याचा स्वेटर खांद्यावर घेतला आणि युद्धाची घोषणा कुजबुजत केली. सेनापती चवड्यांवर चालत रणांगणात गेला. मध्येच दिग्दर्शक वाकून हळूच म्हणाला की राणीच्या कपड्यांची मापं जाताना घेऊन जा.

टाकेताईने मान हलवली. सकाळपासून पहिल्यांदाच रागवायला समोर कुणी उरलं नव्हतं आणि तिला अगदी पोकळ पोकळ वाटायला लागलं.

इतक्यात नवरा शेजारी येऊन बसला. झोपलेल्या पोराकडे, मखमलीकडे, कुजबुजत्या युद्धाकडे त्याने कौतुकाने पाहिलं आणि तिच्या कानाशी म्हणाला, "मी बरोबर नसतो तर आज तुझं काय झालं असतं गं?"

सुई तिच्या हातातच होती. पोर जागं होईल म्हणून तिने ती नुसती घट्ट धरून ठेवली.