बाबलमामांच्या गाडीचं गाऱ्हाणं

लिहिण्यात चुका असतील त्या सांभाळून घ्या. चौथीनंतर माझी शाळा सुटली, आणि अक्षर कुर्लीच्या, म्हणजे खेकड्याच्या चालीनं तिरकं जातं. पण बाबलमामांबद्दल तोंडानं सांगायला गेले तर मला जमणार नाही, म्हणून लिहिते.

आमच्या शेजारचे बाबलमामा नुसत्या चावीनं गाडी सुरू करत नसत. आधी गाऱ्हाणं घालत. देवळात कार्याच्या आधी घालतात तसंच. हात जोडायचे, डोळे मिटायचे आणि सुरू व्हायचे, "बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरां मसुऱ्याच्या बाजाराक चल्ली आसत म्हाराजा! तेंच्या वाटेत म्हशी, खड्डे, वाळूचे डंपर काय आसतीत, ते बाजूक कर म्हाराजा!" मग गाडीतल्या सगळ्यांनी मोठ्यानं म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" त्याशिवाय चावी फिरायची नाही.

मी मागच्या सीटवर. माझा आवाज माझ्याच कानापर्यंत कसाबसा पोचतो. मामा एक डोळा उघडून आरशात बघायचे.

"मागसून आवाज इलो नाय. परत पयल्यापासून."

"मामानु, म्हटलंय मी."

"माका आयकाक येवक नाय, देवाक काय येतला?"

एकदा वाडीतली सुलूकाकी दाढदुखीनं गाल धरून बसली होती. तिलाही सोडलं नाही. "तोंड उघड गो. डॉक्टराकडे उघडूचाच आसा मगे."

मामांच्या गाड्या दोन. थोरली अँबॅसिडर आणि धाकटी पद्मिनी. थोरली कधीच फणसाखाली बसली. तिच्या मागच्या सीटवर आता कोंबडी अंडी घालते. तिच्या आठवणी काढताना मामा फार मायेनं बोलायचे. "घाटात तापली की उतरायचा नि गप ऱ्हवाचा. बायकोक राग इलो की आपण काय करतो? तसाच." तेव्हा मामी होती. ती आतून ओरडायची, "खंयच्या बायकोक राग इलो?"

धाकटीच्या खोडी वेगळ्या. डावीकडे वळली की हॉर्न आपोआप वाजायचा, त्यामुळे आमच्या डावीकडची वाडी मामांवर कायम रुसलेली. वायपर दोरीनं ओढावा लागे. मागे तळाला भोक पडलं होतं, त्यावर मामीचा जेवायचा पाट टाकलेला. पाट जरा सरकला की पायाखालून रस्ता पळताना दिसायचा. दोरी ओढायचं काम मामीचं. ती पुढे बसायची आणि "व्हय म्हाराजा" इतकं खणखणीत म्हणायची की मामा आम्हाला कुणाला विचारतच नसत. मामी गेली, त्यानंतर ते सगळ्यांकडून म्हणवून घ्यायला लागले.

मामांना आणखी एक खोड तेव्हापासूनच लागली. एसटीचा थांबा मामांच्या दारासमोरच. सकाळी ते बेड्यापाशी, अंगणाच्या फाटकात उभे राहून लोकांना सांगायचे, "एसटी आज येवची नाय. बसा माझ्या गाडीत." मागे एसटी वळणावर दिसत असली तरी हेच. पैसे कुणाकडून घेत नसत. लोक हसायचे, म्हाताऱ्याला गाडी मिरवायची हौस आहे म्हणायचे. मलाही तसंच वाटायचं.

एका सकाळी एसटी लवकर आली आणि थांब्यावरच्या सगळ्यांना घेऊन गेली. मी आमच्या दगडी गडग्याच्या अलीकडे कोकमाची सोलं वाळत घालत होते. मामा एकटेच गाडीत बसले. गाऱ्हाणं घातलं, पण हळू आवाजात. मग थांबले. डाव्या सीटकडे बघितलं. तिथं वायपरची दोरी लोंबत होती. शेवटी चावी काढून घेतली, उतरले, दार लावलं आणि घरात गेले. गाडीला काही झालं नव्हतं. होय म्हणायला कोणी नव्हतं.

त्याच वर्षी गाडीचं पासिंग संपत आलं. ओरोसच्या आरटीओत नेऊन दाखवायची होती. पास झाली नाही तर गाडी रस्त्यावर आणता येणार नव्हती, मग मामांनी कुणाला बोलवायचं आणि कुठे न्यायचं? तळाचा पत्रा बदलायला त्यांच्याकडे पैसे नव्हते. मी माझे सोलांचे पैसे नेऊन दिले. गाडीतल्या पाटावर ठेवले.

"पासिंग झाला की फेडतंय गो," मामा म्हणाले.

पत्रा बसला. ओरोसला जायच्या दिवशी त्यांनी मला पुढे बसवलं. गाऱ्हाणं झालं आणि मी सगळा जीव एकवटून ओरडले, "व्हय म्हाराजा!" मामा दचकले.

"हळू गो बाय. देव भयरो नाय."

दोघंही हसलो. त्या दिवशीचं आमचं हसणं तेवढंच.

ओरोसचे साहेब गाडीखाली वाकून खूप वेळ बघत होते. "मामा, पत्रा नवीन आहे, पण खालचा सांगाडाच गंजून गेलाय. खाऱ्या वाऱ्यात एवढी टिकली हेच पुष्कळ. पास नाही करता येणार."

"बरं साहेब. आभारी आहे," मामा पुस्तकातल्यासारखं म्हणाले.

परत निघताना त्यांनी गाऱ्हाणं घातलं नाही. नुसती चावी फिरवली. गाडी एका झटक्यात सुरू झाली. वाटेत डावीकडच्या वळणावर तेवढा हॉर्न वाजला.

भंगारवाला पैसे मोजून गाडी घेऊन गेला. मामांनी पाट आणि वायपरची दोरी आधीच काढून ठेवली होती. संध्याकाळी ते नोटा मुठीत धरून आमच्या पायरीशी आले.

"घे गो. सगळे आसत."

"घाई नाय मामानु. ऱ्हवांदेत."

"नको. तिच्यासाठी घेतलेले, तिच्याच पैशान फिटांदेत."

"आता बाजाराक कशे जातलात?"

"एसटीन. ती बरी. कोणाक काय विचारणा नाय, तशीच सुटता."

जायला वळले. त्यांची पाठ बघून मला राहवलं नाही. मी हात जोडले. मान खालीच होती.

"बा देवा म्हाराजा..." म्हटलं, आणि पुढचं सुचेना. "आमच्या मामांका एसटीत खिडकीकडची सीट गावांदे म्हाराजा. आणि बाजूक कोण तरी बोलणारा बसांदे म्हाराजा."

मामा पाठमोरेच उभे होते. मग म्हणाले, "व्हय म्हाराजा." इतकं हळू, की मी त्यांना परत पहिल्यापासून म्हणायला लावू शकले असते. लावलं नाही.

नोटा त्यांच्या मुठीत तशाच राहिल्या होत्या. ते मागे फिरले आणि माझ्या हातात ठेवल्या. पैसे पुरे फिटले.