एसटीच्या मागची सायकल

श्यामरावजी ढोबळे दरवर्षी पत्नीला रामटेकच्या दर्शनाला नेत. पत्नी एसटीत आणि ते एसटीच्या मागे, सायकलवर. कमलावहिनी आधी पोचत आणि गडाच्या पायथ्याशी त्यांची वाट पाहत बसत. प्रतापनगरात याचे आता कोणाला नवल उरले नव्हते.

मी त्यांचा शेजारी आणि कचेरीतला सहकारी. "अंग गंजते ना जी," एवढेच त्यांचे तत्त्वज्ञान. पहाटे धावणे, दुपारी फायलींच्या कपाटामागे बैठका, संध्याकाळी व्हॉलीबॉल. एकदा स्मशानघाटावर सारे माना खाली घालून उभे असता श्यामरावजी टाचा उचलून पुन्हा टेकवत होते. यांना मागून दिसत नसावे, असे समजून मृताच्या भावाने त्यांना अदबीने पुढे आणले. तिथेही टाचा चालूच राहिल्या. अंगात ताप असला तरी ते धावत. धावणे चुकले, तर मात्र दिवसभर तापकऱ्यासारखे चिडचिडत. मी त्यांना हसत असे. त्या हसण्यात माझा आळस किती होता, हे कधी तपासले नाही.

नवऱ्याने एकदा तरी गाडीत आपल्या शेजारी बसावे, एवढीच वहिनींची इच्छा होती. त्यांनी विषय काढला, की श्यामरावजी सायकलच्या चाकात हवा भरू लागत.

अखेर त्यांचा गुडघा सुजला. डॉक्टरांनी सायकल बंद केली, तेव्हा श्यामरावजींनी बाजारात करावी तशी घासाघीस केली: सायकल नाही तर धावणे, धावणे नाही तर दोरीवरच्या उड्या. डॉक्टरांनी दोरीही नाकारली. रामटेकचा दिवस उजाडला, तशी त्यांनी निदान वाटेवरच्या कामठीपर्यंत पायी जाऊन तिथे गाडी पकडण्याची टूम काढली. वहिनींनी हातातला डबा खाली ठेवला.

"मंग मी येतच नाही. देवाले तुम्हीच भेटून या."

आवाज चढलेला नव्हता. श्यामरावजी मुकाट्याने गाडीत चढले. गुडघ्याच्या काळजीपोटी मीही सोबत निघालो होतो. त्यांच्या मागच्या बाकावर बसलो.

समोरचा दांडा धरून ते आळीपाळीने पाय उचलत राहिले. काकांना उतरायचे आहे काय, असे कंडक्टरने दोनदा विचारले. वहिनी मात्र खिडकीतून पुन्हापुन्हा मागे वळून पाहत होत्या.

"काय पाहून राहिली वं?"

"काही नाही जी. सवय पडली. गाडी निघाली का मागं पाहते, तुम्ही दिसता का. कुठं पडले तं नाही."

श्यामरावजींचा पाय अर्ध्यावर थांबला. ते हळूच म्हणाले, "मले वाटे, तू झोपत असशीन."

"रामटेक येतपर्यंत कधी डोळा नाही लागला माझा."

त्यांनी वहिनींच्या मांडीवरचा डबा उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला. मनसर येण्याआधीच वहिनींचे डोके त्यांच्या खांद्यावर टेकले आणि त्या गाढ झोपल्या. रस्ता खराब होता, गाडी उसळत होती. तो सुजलेला गुडघा समोरच्या बाकावर आदळत होता. पाय आडवा घ्यायला बाजूला जागा होती.

रामटेक येईपर्यंत श्यामरावजी हलले नाहीत.