आबांची दावण

सोमवार, १७ नोव्हेंबर. आज आमच्या कबड्डी संघाच्या तेरा जर्सींवर आकडे शिवायचे आहेत. रविवारी मिरजेच्या बायकांशी सामना आहे. खेळाडू बारा आणि जर्सी तेरा. हिशेब चुकलेला नाही, तेरावी आबांची आहे. फक्त ते आबांना माहीत नाही, आणि आबा उद्या सकाळच्या एसटीनं कायमचे आटपाडीला निघालेत. म्हणून शिवण बाजूला ठेवून आधी त्यांच्याबद्दल लिहून टाकते.

विश्रामबागेत आमच्या गल्लीत नवीन माणूस राहायला आला की आबा त्याच्याकडे बुटाची जुनी लेस मागतात. तीही लगेच नाही. आधी चाल बघतात.

आम्ही साताऱ्याहून इथं आलो तेव्हा टेंपोतून कपाट उतरत होतं. समोरच्या कठड्यावर पटका बांधलेला एक म्हातारा काठी टेकून बसला होता. तो उठला, आमच्या ह्यांना ओलांडून माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "वैनी, जरा त्या खांबापतोर जाऊन या."

मला वाटलं आपलं काही पडलंय. जाऊन आले.

"टाच दाबून पडती. मान खाली न्हाई. कबड्डी."

"अहो आजोबा," हे म्हणाले, "ती सत्तेचाळीस वर्षांची आहे."

"जनावराचं वय दातावरनं बघत्यात, खेळाचं चालीवरनं. आन दात बी बरं दिसत्यात."

मग ह्यांना चालवलं. "तुमी बॅडमिंटन. उंच हायसा, पर कणा मऊ हाय." तो मऊ कणा आमच्या घरात अजून निघतो. पण हे रोज सकाळी बॅडमिंटनला जातात, हेही खरं.

आबांचा जन्म आटपाडीच्या बैलबाजारात गेला. घेणारा आणि विकणारा यांच्यामध्ये उभं राहून खिलार बैलांचे सौदे जमवायचे, हा त्यांचा धंदा. लेक फौजेत गेला, त्यानं इथं बंगला बांधला आणि आबांना आणलं. बैल तिकडं राहिले, नजर तेवढी बरोबर आली. माणूस मोकळा फिरताना दिसला की ते अस्वस्थ होतात. "मोकळं जनावर भलतीकडं तोंड घालतं. एका दावणीला लागा," हे त्यांचं पालुपद. दावण म्हणजे गोठ्यात ओळीनं गुरं बांधायची जागा. आबांच्या भाषेत क्रीडा मंडळ.

आणि ही मंडळं शोधणं सोपं नसतं. मी फोनवर शोधलं तर खेळाच्या सामानाची दुकानं निघाली. महिला कबड्डी एका शाळेच्या मागच्या शेडमध्ये चालते, तिला पाटी नाही. कॅरमवाले एका दवाखान्याच्या वरच्या खोलीत बसतात. कुठल्या मंडळाची किल्ली कुणाकडे, कुठला कप्तान कशावरून रुसतो, हे आबांना तोंडपाठ.

चुका त्यांच्याही झाल्या. बँकेतल्या एका साहेबांची जाडजूड मान बघून आबांनी त्यांना थेट तालमीत नेलं. वस्तादांनी जोर काढायला लावले. तिसऱ्या दिवशी साहेबांना चहाचा कप उचलेना. ते भांडायला आले तर आबा शांतपणे म्हणाले, "मान बघून फसलो गड्या. खुर्चीत बसून वाढल्याली मान हाय ती." आणि त्यांना कॅरमला नेऊन बसवलं. साहेब आता कॅरममध्ये कुणाला ऐकत नाहीत.

मंडळापर्यंत आबा स्वतः सोबत येतात. गेटाशी थांबतात आणि म्हणतात, "बुटाला नवी लेस घाला, जुनी मला द्या." कशाला, असं विचारलं तर "असू दे." लेस खिशात टाकून मागं फिरतात. गेटाच्या आत पाऊल नाही. आमची कप्तान शैला, जिची पिठाची गिरणी आहे, ती दर वेळी हाक मारते, "आवं आबा, आत या की, च्या घ्या." आबांचं उत्तर ठरलेलं. "न्हाई. मी सोडाय आलोय."

शैला चढाईला गेली की समोरच्या बायका आपोआप मागं सरकतात. गेल्या वर्षी आम्ही इस्लामपूरच्या संघाला हरवलं. आमच्यात दोन शिक्षिका, एक नर्स, एक पोळी-भाजी केंद्रवाली. सगळ्या चाळिशीपुढच्या, आणि एकूण एक आबांनी खांबापर्यंत चालवून आणलेल्या. आमच्याइतका तयार संघ आसपास नाही, हे मी लिहून देते.

तर काल मी शेंगदाण्याची चटणी घेऊन आबांकडे गेले. लेकाची बदली झाली आहे. सून आणि नात त्याच्याबरोबर क्वार्टरमध्ये राहायला गेल्या. खाली भाडेकरू येतील, वरची खोली आबांसाठी ठेवली आहे. तरी ट्रंक भरलेली होती.

दाराजवळच्या खुंटीला लेसांचा जुडगा लटकत होता. पांढऱ्या, काळ्या, एक गुलाबी. माझी तपकिरी मी ओळखली.

"बैल इकला तरी गळ्यातलं दावं देत न्हाईत वैनी," आबा म्हणाले. "दावं घरी आणायचं, खुंटीला लावायचं. जनावर दुसऱ्याचं झालं तरी त्याची बरकत आपल्याकडं ऱ्हाती."

"मग एवढी भरलेली दावण टाकून कुठं निघालात?"

"दावण कसली? नुसती दावी हायत. गोठा मोकळाच." त्यांनी जुडगा उतरवून ट्रंकेत ठेवला. "पोरगं म्हणतंय ऱ्हावा. ऱ्हाऊन करू काय? तिकडं भावाच्या ओट्यावर बसाय तरी मिळंल. हितं मी कुठल्या दावणीचा?"

मी चटणीचा डबा ठेवला आणि तडक गिरणीवर गेले. अख्ख्या गल्लीला ह्या माणसानं जागा लावून दिली, आणि त्याला खांबापर्यंत चालवायचं कुणाला सुचलं नव्हतं. शैला पीठ चाळता चाळता थांबली.

"समोरचीचा कुठला पाय कच्चा हाय, ते वळखणारं आपल्यात कोण हाय?" ती म्हणाली. "तू तेरावा आकडा शिव."

तो आता शिवते.

मंगळवार. सकाळी नव्या लेसांची जोडी घेऊन बाहेर पडले. आबा ट्रंक शेजारी ठेवून कठड्यावर बसले होते. प्रवासासाठी लेकानं दिलेले कॅनव्हासचे बूट घातले होते.

"आबा, जरा त्या खांबापर्यंत जाऊन या."

"वैनी, एसटी चुकंल."

"चुकू दे."

ते काठी कठड्याला टेकवून निघाले. जाताना चाल साधी होती. येताना कणा सरळ झाला होता, आणि नजर माझ्या तोंडावर.

"टाच दाबून पडते. मान खाली नाही. कबड्डी."

"ह्या वयात?"

"दात बघू का?"

आबांनी तोंड मिटून घेतलं. पण कठड्यावर बसून मुकाट्यानं नव्या लेसा घालू दिल्या. ट्रंक मी आमच्या व्हरांड्यात ढकलली.

शेडच्या गेटाशी ते सवयीनं थांबले. आत सगळ्याजणी जमल्या होत्या. शैला जर्सी घेऊन पुढं आली.

"आबा, आज सोडाय कोण आलंय?"

"ह्या वैनी."

"मग त्या थांबत्याल गेटाभाईर. तुमी आत या."

आबांनी वाकून उंबऱ्याला हात लावला, कपाळाला लावला आणि आत गेले.

मी तिथूनच मागं फिरले. घरी येऊन त्यांच्या जुन्या लेसा स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवल्या आणि कणीक मळायला घेतली.